एकच गेम, पण प्रत्येक देशात भाव वेगळा. असं का?

भायखळाकर:
मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे, शेवटी धागा काढतोय.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. परवा व्हिडिओ कॉलवर गप्पा चालल्या होत्या, विषय गेम्सवर आला. सायबरपंक २०७७ आला तेव्हा, म्हणजे २०२० मध्ये, त्याने ५९.९९ डॉलर मोजले होते. मी तोच गेम पीसीवर २,९९९ रुपयांना घेतला होता. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने त्याचे साधारण ४,४०० रुपये होतात. म्हणजे मला चौदाशे रुपये स्वस्त पडला. तो म्हणाला, "तुमची मजा आहे बाबा."

पण मग मी त्याला प्लेस्टेशन ५ चं, म्हणजे सोनीच्या गेम खेळायच्या यंत्राचं (कन्सोलचं) सांगितलं. तो आला तेव्हा सोनीचे स्वतःचे नवे गेम तिकडे ६९.९९ डॉलर, इथे ४,९९९ रुपये. तेव्हाच्या भावाने गुणाकार केला तर जवळपास तेवढेच. त्याच्या पगारात आणि माझ्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक, तरी सोनीला दोघांनी सारखेच पैसे द्यायचे. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. अगदी त्या दराने राबणाऱ्या पोरालाही साधारण दहा तासांच्या कामात तो गेम येतो. आपल्याकडे नुकता नोकरीला लागलेला, महिना पंचवीस हजार हातात येणारा पोरगा पगाराचा पाचवा हिस्सा एका गेमवर घालवतो.

तर प्रश्न असा: किंमत ठरते कशावर? आणि त्याच देशात, त्याच माणसाला, पीसीवर एक न्याय आणि कन्सोलवर दुसरा न्याय का?

चष्मिश:
उत्तम धागा. जागा पकडून बसतो.

मागणी_पुरवठा:
भायखळाकर, मी अर्थशास्त्र शिकवतो म्हणून थोडं लांबण लावतो.

गेम बनवायला शेकडो माणसं, पाच-पाच वर्षं लागतात. पण एकदा तयार झाला की पुढची प्रत काढायला जवळजवळ काही खर्च नाही. साबण किंवा तांदळाचं तसं नाही, तिथे प्रत्येक नगाला कच्चा माल लागतो. त्यामुळे गेमची किंमत खर्चावरून ठरूच शकत नाही. ती ठरते समोरचा किती द्यायला तयार आहे त्यावरून. अमेरिकन माणूस साठ डॉलर देतो, त्याच्याकडून साठ घ्या. भारतीय माणूस तीस देईल, त्याच्याकडून तीस घ्या. तीस घेतल्याने तोटा काहीच नाही, कारण साठ मागितले असते तर तो आलाच नसता.

आपल्या लोकलचंच बघा. फर्स्ट क्लासचा आणि सेकंडचा डबा एकाच गाडीला, एकाच वेळी चर्चगेटला पोहोचतो. फ्रेंच इंजिनिअर ड्युप्वी याने १८४९ मध्येच लिहून ठेवलंय की रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर घालत नाहीत ते पैसे वाचवायला नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारा माणूस तिसऱ्यात बसू नये म्हणून. पुढे पिगूने १९२० मध्ये या भेदभावाचे तीन प्रकार सांगितले. देश बघून भाव लावणं हा त्यातला तिसरा.

पण यासाठी एक अट आहे, ती सगळ्यात महत्त्वाची: मधे कुंपण हवं. स्वस्तात घेणाऱ्याने महागवाल्याला विकता कामा नये. भायखळाकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या कुंपणातच सापडेल असं मला वाटतं.

वडापाव१२:
म्हणजे सेकंड क्लासच्या पासावर फर्स्टमध्ये चढलं की टीसी येतो, तसा व्हीपीएन लावून दुसऱ्या देशात असल्याचं भासवलं की स्टीमवाला (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) येतो.

म्युनिककर:
वडापाव, अगदी खरा येतो. २०२१ पासून स्टीमवर देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येतो, आणि तोही त्या देशाचं कार्ड वगैरे असेल तरच.

पण मला भायखळाकरांच्या तक्रारीबद्दल बोलायचंय. जर्मनीत प्लेस्टेशन ५ चा नवा गेम ७९.९९ युरोला निघाला. गेम आला तेव्हाच्या भावाने ते सात हजार रुपयांच्या वर जातात. म्हणजे तुमच्यापेक्षा दोन हजार जास्त! आमच्याकडचा पगार जास्त हे मान्य, पण "भारतालाच लुटतात" असं नाही.

हिशेबनीस:
म्युनिककर, तुमच्या ७९.९९ मध्ये १९ टक्के व्हॅट आहे. तो काढला की ६७ युरो उरतात. अमेरिकेतला ६९.९९ हा कराआधीचा आकडा. न्यू जर्सीत दुकानातून डिस्क घेतली की ६.६२५ टक्के विक्रीकर वर लागतो, म्हणजे भायखळाकरांचा भाऊ प्रत्यक्षात ७४ डॉलरच्या पुढे देतो. अमेरिकेत फळीवर लिहिलेला भाव आणि बिल यांचा मेळ बसत नाही, हे तिकडे जाऊन आलेल्या कोणालाही विचारा.

आपल्याकडे उलट. एमआरपी म्हणजे सर्व करांसह. ४,९९९ मधून १८ टक्के जीएसटी काढला तर ४,२३६ राहतात. ७६३ रुपये सरकारचे. म्हणजे कर बाजूला ठेवून तुलना केली तर प्लेस्टेशनचा गेमही भारतात अमेरिकेपेक्षा थोडा स्वस्तच आहे. फार नाही, पण आहे. आणि आता डॉलर ८५ च्या पुढे गेल्यावर तर तोच जुना भाव आणखी स्वस्त दिसतो.

डाउनलोडवर कर नसतो असं अनेकांना वाटतं, म्हणून सांगतो. परदेशी कंपनीने घरगुती गिऱ्हाइकाला इंटरनेटवरून विकलेल्या अशा गोष्टींवर १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकर लागू झाला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी.

भायखळाकर:
हिशेबनीस, करांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आभार. पण कर काढूनही पीसी आणि कन्सोलमधली दरी तशीच राहते ना? दोन्हीवर १८ टक्केच आहे.

हिशेबनीस:
राहते. कर हे त्याचं उत्तर नाही.

जुनाट:
तुमच्या गप्पा वाचून मला आमचे दिवस आठवले. आमच्या लहानपणी "टीव्ही गेम" म्हणायचे. पिवळं कार्ट्रिज, वर "९९९९ इन १" लिहिलेलं, आत खरे गेम वीस-पंचवीसच, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा. कॉन्ट्रा आणि मारिओ मूळ कोणाचे, मूळ किंमत काय, कोणाला ठाऊक! आम्हाला निन्टेन्डो या जपानी कंपनीचं नावही माहीत नव्हतं. चाळीत एकाकडे असायचा, बाकीचे त्याच्या दाराशी नंबर लावून.

मग सीडीचा जमाना आला. मनीष मार्केटला जायचं, पॉलिथिनच्या पाकिटात सीडी, वर झेरॉक्स काढलेलं कव्हर. शंभर रुपये. चालली नाही तर बदलून द्यायचा, तेवढा इमान होता. ओरिजिनल घ्यावा असं कोणाच्या मनातही यायचं नाही.

पिक्सेलवाला:
जुनाटकाका, तुम्ही अवांतर म्हणून लिहिलंत, पण मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मी गेम बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये काम करतो, अंधेरीला. पीसीवर भारतासाठी भाव ठरवताना आमची स्पर्धा दुसऱ्या गेमशी नसते, फुकटाशी असते. पीसीवर चोरीची प्रत मिळवणं आजही अवघड नाही. त्यामुळे अशी किंमत लावावी लागते की माणूस म्हणेल, "जाऊदे, एवढ्यात ओरिजिनल घेतो, अपडेट तरी येतील." स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीच्या गेब न्यूवेलने २०११ मध्ये रशियाबद्दल हेच सांगितलं होतं: तिथे सगळे चोरून खेळतात म्हणून लोकांनी तो बाजार सोडून दिला होता, यांनी तिथल्या भाषेत, वेळेवर, नीट सेवा दिली आणि तोच त्यांचा मोठा बाजार झाला. त्याचा भर सेवेवर होता, किमतीवर नाही. पण माझं स्वतःचं मत, आपल्याकडे किंमत आणि सेवा दोन्ही लागतात.

२०१५ मध्ये स्टीमवर रुपया आला. त्याआधी डॉलरमध्ये भाव, डॉलरचं कार्ड, वर बँकेचा कट. रुपया आला तशी चोरीच्या सीडीवर वाढलेली आमच्या वयाची पोरं पहिल्यांदा पैसे देऊन खेळू लागली. मी त्यातलाच.

कन्सोलवर ही फुकटाची भीती जवळजवळ नाही. नव्या प्लेस्टेशनवर चोरीचा गेम चालवणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. आणि ज्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपये मोजून पीएस ५ घेतला, तो पैसेवाला आहे हे त्याने आधीच सिद्ध केलंय. त्याला सवलत कशाला देतील?

सिडनीचा पाव्हणा:
पिक्सेलवाला, शंभर टक्के सहमत. श्रीमंत देशातही असंच होतं. २०११-१२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा वर होता. म्हणजे गेम आम्हाला अमेरिकेपेक्षा स्वस्त मिळायला हवा होता. प्रत्यक्षात दुकानात नव्वद-शंभर डॉलर. डाउनलोडलाही तसाच भाव! जहाज नाही, गोडाऊन नाही, तरी. लोक त्याला "ऑस्ट्रेलिया टॅक्स" म्हणायचे, जरी तो सरकारी कर नव्हता. इतकी ओरड झाली की संसदेच्या समितीने ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ॲडोबी यांना २०१३ मध्ये समन्स धाडून बोलावलं आणि विचारलं, बाबांनो, का? "इथे धंदा करणं महाग पडतं" यापलीकडे पटेल असं उत्तर आलं नाही. खरं कारण एवढंच की आम्ही देत होतो.

कोनाडा:
मी गेम खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, नववीत आहे. म्हणून सगळं वाचतेय. मला एक विचारायचंय. हे कुंपण वगैरे ठीक, पण हे कायद्यात बसतं का? एकाच वस्तूचे माणूस बघून भाव? आमच्या भाजीवाल्याने असं केलं तर बायका त्याला सोडणार नाहीत.

म्युनिककर:
कोनाडाताई, युरोपात याच प्रश्नावर दंड झालाय. युरोपीय संघात एका देशातली वस्तू दुसऱ्या देशातल्या माणसाला घेऊ न देणं नियमात बसत नाही. पोलंड, हंगेरी, चेकिया, बाल्टिक देश वगैरे ठिकाणी स्वस्त विकलेल्या गेमच्या 'की' (गेम चालू करायचे कोड) इतर देशांत चालू नयेत अशी कुलपं घातली होती. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने व्हॉल्व आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरो दंड केला. त्यात कॅपकॉम आणि बांदाई नामकोही होते.

मला तेव्हा आनंद झाला होता. पण नंतर लक्षात आलं की कुंपण काढलं तर कंपनी जर्मनीचा भाव खाली आणणार नाही, पोलंडचा वर नेईल.

मागणी_पुरवठा:
म्युनिककर, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे तुर्कस्तान आणि अर्जेंटिना. तिथल्या चलनांची घसरण इतकी झाली की स्टीमवरचे तिथले भाव डॉलरमध्ये मोजले तर जगात सगळ्यात स्वस्त. मग अमेरिका-युरोपातले लोक खोटं खोटं अर्जेंटिनाचं खातं काढून घेऊ लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॉल्वने शिफारस केलेले भाव तिथे कैक पटींनी वाढवले, आणि २० नोव्हेंबर २०२३ ला दोन्ही देशांची चलनंच बंद करून डॉलर लावला. फायदा उपटला परक्यांनी, शिक्षा झाली ब्वेनोस आयरेसच्या पोराला.

ग्रंथपाल:
अवांतर, पण अगदी जवळचं. पुस्तकांच्या धंद्यात हे फार जुनं आहे. इंजिनिअरिंगची पुस्तकं आठवा: पातळ कागद, आतली चित्रं रंगीतऐवजी काळीपांढरी, आणि मुखपृष्ठावर "फक्त भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इत्यादी देशांत विक्रीसाठी". मजकूर तोच. अमेरिकेत शिकायला गेलेल्या एका थाई विद्यार्थ्याने घरच्यांकडून अशी स्वस्त पुस्तकं मागवून तिकडे विकली. प्रकाशक कोर्टात गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल विद्यार्थ्याच्या बाजूने दिला: एकदा कायदेशीर विकलेली प्रत पुढे विकायचा हक्क घेणाऱ्याचा, मग ती छापलेली कुठेही असो.

डाउनलोड केलेल्या गेमला मात्र हा हक्क तुम्हाला मिळत नाही. तो पुढे विकताच येत नाही. पीसीवर डिस्क गेली तसा हा हक्कही गेला, आणि कुंपण पक्कं झालं.

भायखळाकर:
ग्रंथपाल, व्वा. म्हणजे पीसीवर स्वस्त मिळतो कारण मी तो विकू शकत नाही, आणि कन्सोलवर महाग कारण डिस्क विमानात बसून न्यू जर्सीला जाऊ शकते?

ग्रंथपाल:
असं मला वाटतं. प्लेस्टेशन ५ च्या गेम डिस्कला देशाचं कुलूप नाही. मुंबईची डिस्क न्यू जर्सीत चालते. इथे अडीच हजाराला विकली तर कोणीतरी पोतं भरून तिकडे पाठवेल.

दुकानदार:
पाठवेल काय, पाठवतात. मी लॅमिंग्टन रोडला एका दुकानात बसतो, आधी माल दुबईहून यायचा, कधी इथून जायचा. भाव जिथे कमी तिथून माल निघतो, ही धंद्याची रीत आहे.

निन्टेन्डोचं सांगतो. त्यांचा स्विच कन्सोल इथे वर्षानुवर्षं ग्रे मार्केटमधूनच, म्हणजे कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याविना, विकला गेला. गिऱ्हाईक विचारतं, "वॉरंटी?" मी सांगतो, "दुकानाची." त्यामुळे त्याच्या गेमचा भाव कंपनी ठरवत नाही, आणणारा ठरवतो. दिवाळीला एक भाव, जूनमध्ये दुसरा.

आणि जुन्या डिस्कचं खातं वेगळंच. माझ्याकडे रोज पोरं येतात. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, चरे बघायचे, फुंकर मारून शर्टाच्या टोकाने आतून बाहेर पुसायची, गोल गोल नाही. डबीवर एमआरपीचा स्टिकर असतो, तो फाटलेला नसेल तर भाव बरा येतो. चार-साडेचार हजाराचा नवा गेम पोरगा घेतो, पंधरा दिवसांत संपवतो, मला तीन हजाराला देतो, मी साडेतीनला विकतो. त्या पहिल्या पोराला तो गेम पडला दीड हजाराला. हिशेब करा, पीसीवाल्यापेक्षा स्वस्त.

चष्मिश:
दुकानदार भाऊ, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि किमतीच्या तक्त्यांत कुठेच दिसत नाही.

वडापाव१२:
आमच्यात मामा अमेरिकेहून येताना बॅगेत दोन डिस्क आणायचा. तोच आमचा दुबईचा माल.

सानपाड्याची:
सगळे डॉलर आणि डिस्कबद्दल बोलताय, मी पैसे भरण्याबद्दल बोलते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचा नियम आला. नियम ग्राहकाच्या भल्याचाच, मला पटतो. पण माझ्या बँकेची तयारी नव्हती. माझी गेमची मासिक वर्गणी बंद पडली, साठवलेले सगळे गेम कुलूपबंद. मग गिफ्ट कार्ड शोधत बसायचं, आणि ते ठरावीक रकमांचेच. दोन-तीनशे रुपये पाकिटात अडकून पडतात. भाव कमी असला तरी पैसे भरता आले पाहिजेत ना. हा सुद्धा किमतीचाच भाग धरायला हवा.

पिक्सेलवाला:
सानपाड्याची, बरोबर. आता बनवणाऱ्याची बाजू ऐका. समजा आमचा गेम भारतात ९९९ ला आहे. जीएसटी काढला, ८४७. स्टोअरचे तीस टक्के गेले, ५९३. त्यातून प्रकाशक असेल तर त्याचा वाटा, मग आमचा. मोठ्या कंपन्यांना स्टीम २०१८ पासून सूट देतो, एक कोटी डॉलरच्या वरच्या विक्रीवर पंचवीसच टक्के घेतो आणि पाच कोटींच्या वर वीस. आम्ही त्या रांगेत नाही.

म्हणून भारतात बनलेला गेमही भारताच्या जीवावर उभा राहत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने "राजी" केला, २०२० मध्ये आला. आपल्या देवदेवता, आपली शिल्पकला, सगळं आपलं. पण असा गेम बनवणाऱ्याला बाहेरच्या देशांकडे डोळे लावूनच बसावं लागतं. मी इथे स्वस्तात विकतो कारण इथली पोरं खेळावीत ही माझी मनापासूनची इच्छा आहे. पण ते परवडतं बाहेरचा कोणीतरी पूर्ण पैसे देतो म्हणून. त्यामुळे व्हीपीएन लावून भारताच्या भावात घेणाऱ्या परदेशी माणसाचा मला खरोखर राग येतो.

सिडनीचा पाव्हणा:
अवांतर: कराने किंमत कुठवर जाते याची हद्द ब्राझीलने दाखवली. २०१३ मध्ये पीएस ४ अमेरिकेत ३९९ डॉलर, ब्राझीलमध्ये ३,९९९ रियाल, म्हणजे तेव्हाचे अठराशे डॉलर. सोनीला आपली बाजू मांडायला जाहीर हिशेब द्यावा लागला, की यातला बहुतेक पैसा आयातकरातच जातो. उलट तिथेच टेकटॉय कंपनीने सेगाचे कन्सोल मनाउस शहराच्या करमुक्त भागात बनवले आणि सेगा तिथे घरोघरी पोहोचला, बाकी जगात विसरला गेला तरी. आपल्याकडे कन्सोलवर जीएसटी २०१८ च्या डिसेंबरात २८ वरून १८ करायचं ठरलं, ते बरं झालं. पण माल बाहेरूनच येतो.

मागणी_पुरवठा:
कुंपणाचं सगळ्यात ताजं उदाहरण राहिलं. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोने स्विच २ काढला. अमेरिकेत ४४९.९९ डॉलर. जपानमध्ये दोन प्रकार: सगळ्या भाषांचा ६९,९८० येनला, आणि फक्त जपानी भाषेत चालणारा ४९,९८० येनला. यंत्र तेच. वीस हजार येनचा फरक निव्वळ भाषेचा. येन घसरला होता, बाहेरच्या लोकांनी जपानमधून स्वस्तात उचलून नेला असता. म्हणून भाषेचंच कुंपण घातलं. जपानी माणसाला स्वस्त पडलं, पर्यटकाला नाही.

वडापाव१२:
मग फक्त मराठीत चालणारा प्लेस्टेशन काढा आणि अर्ध्या किमतीत द्या! बाहेर कोण घेणार? फार तर न्यू जर्सीचं महाराष्ट्र मंडळ.

चष्मिश:
वडापाव, चेष्टा वाटेल, पण माझ्या मते ही आजवरची सगळ्यात चांगली सूचना आहे. कुंपणही होईल आणि गेम मराठीतही येतील.

भायखळाकर:
मला मात्र एक गाठ सुटलेली नाही. डिस्क बाहेर जाऊ शकते म्हणून डिस्क महाग, मान्य. पण प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवर तोच गेम डाउनलोडला घेतला तर? ते खातं भारताला बांधलेलं. विकता येत नाही, न्यू जर्सीला पाठवता येत नाही. म्हणजे कुंपण आहेच की. मग तिथे पीसीसारखा २,९९९ का नाही? सोनीने पीएस ४ च्या वेळी ३,९९९ लावले होते, पीएस ५ ला ४,९९९. वर चढले, पण डाउनलोडवाल्याला वेगळा भाव दिला नाही.

ग्रंथपाल:
हा प्रश्न अवघड आहे. मला एवढंच दिसतं की पीसीवर दुकानं अनेक. स्टीम आहे, एपिक आहे, जीओजी आहे. एपिक गेम बनवणाऱ्याकडून फार तर बाराच टक्के घेतं. प्लेस्टेशनच्या आत डाउनलोडचं दुकान एकच. शेजारी दुसरं दुकान नसलं की भाव खाली यायला कारण लागतं, आणि इथे ते कारण कोणी देत नाहीये.

पिक्सेलवाला:
ग्रंथपालांशी सहमत, आणि एक भर. डाउनलोड स्वस्त केला की डिस्क विकणारे दुकानदार भडकतील. कन्सोलचं यंत्र तर त्यांच्याच फळीवरून विकलं जातं. कंपनीला त्यांची गरज आहे.

दुकानदार:
भडकतील म्हणजे? डाउनलोड अडीच हजाराला झाला तर माझ्याकडे कोण येणार? मी खरं सांगतो, गिऱ्हाईक म्हणून मलाही स्वस्त हवाय, माझी पोरगी खेळते. पण दुकानात चार माणसांची चूल आहे. निदान जुन्या डिस्कची अदलाबदल चालू आहे तोवर गरीब पोराला तिथून वाट आहे. डिस्कचा ड्राइव्हच नसलेला कन्सोल घेतला की तीही वाट बंद. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, चार पैसे वाचतात म्हणून डिजिटलवाला घेऊ नका. तीन-चार गेमच्या अदलाबदलीत तेवढे सुटतात की नाही ते तुम्हीच बघा.

भायखळाकर:
दुकानदार भाऊ, तुमचं म्हणणं मी मावसभावालाही ऐकवणार आहे. पण कंपनीकडे माझी मागणी तीच राहील: जिथे कुंपण आधीच आहे, तिथे भाव इथल्या पगाराकडे बघून लावा. सिल्कसाँग या गेमने करून दाखवलंच ना! अमेरिकेत १९.९९ डॉलर, इथे नऊशेच्या आत, आणि आमच्या ऑफिसातल्या ज्या पोरांनी आयुष्यात गेमवर पैसा घातला नव्हता, त्यांनीही पहिल्याच आठवड्यात घेतला.

कोनाडा:
सगळ्यांचे मनापासून आभार, मला खूप समजलं. मुलगा दहावीनंतर कन्सोल मागतोय. तर मी डिस्कवालाच घ्यायचा, आणि पहिला गेम जुना घ्यायचा, असं ना? दुकानदार भाऊ, बिल मिळतं का तुमच्याकडे?

दुकानदार:
ताई, जीएसटीचं पक्कं बिल. रविवारी मार्केट बंद, शनिवारी दुपारी चारच्या आत या, नंतर पाय ठेवायला जागा नसते. मुलाला बरोबर आणा, जुनी डिस्क पैसे देण्याआधी मशीनवर लावून, पाच मिनिटं खेळून बघू दे त्याला.